मृगाच्या आधी टप

भोसरी, मे महिन्यातली सकाळ. कॅराव्हॅनचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, टप अजून तापलेला नाही, म्हणून मिस्त्रींनी त्याची गळती बुजवायचं काम उजाडताच धरलंय. दुपारी या पत्र्यावर हात टेकवता येणार नाही, आणि तापलेल्या पत्र्यावर फटी बुजवायचं सीलंटही नीट बसत नाही.

राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हापासून अशा गाड्यांबद्दल पुण्यात बरीच विचारणा होते. शहरातला पाऊस त्यांना सोसतो. खरी परीक्षा ताम्हिणीत आणि लोणावळ्यात. तिथं पाऊस कित्येक पटीनं जास्त, त्यात घाटातले हादरे. बॉडी पिळवटते आणि पत्र्याचे सांधे उघडतात.

आत पलंगाच्या वर डाग दिसला, की लोक बरोबर त्याच्याच वर सीलंट फासतात. पण पाणी शिरतं एकीकडे, आतल्या सांगाड्याच्या पाइपावरून उतार धरून सरकतं आणि टपकतं भलतीकडेच. तोवर आतलं प्लाय फुगलेलं असतं.

वर चढण्याआधी गाडी सपाट जागी, विजेच्या तारांपासून लांब. चाकांना ठोकळे. कॅराव्हॅन मागे ओढायचा ट्रेलर असेल आणि तो गाडीपासून सोडवलेला असेल तर चारी कोपऱ्यांचे पाय खाली टेकवलेच पाहिजेत. नाहीतर मागच्या टोकाला माणूस गेला की ट्रेलर मागे कलंडू शकतो. शिडीचा पाय चार फूट उंचीला एक फूट गाडीपासून बाहेर, आणि खाली धरायला माणूस. टपावर प्लायची फळी टाकून, गुडघ्यांवर. मागे सरकत काम करायचं नाही, कडा कधी आली ते कळत नाही. ओल्या टपावर तर कुणीही चढू नये.

आता हा व्हेंट, म्हणजे टपावरचा हवेचा झरोका बघा. कडेचं जुनं सीलंट भेगाळलंय, एका स्क्रूभोवती गंज धरलाय. मिस्त्री प्लॅस्टिकच्या पट्टीनं ते हळूहळू खरवडतात. कुणीतरी आधी इथं साधं सिलिकॉन भरलंय, आणि तेच सगळ्यात चिवट. सिलिकॉनचा पातळसा थर जरी राहिला तरी त्यावर नवं काहीच धरत नाही. म्हणून अख्खी सकाळ खरवडण्यात गेली तरी चालेल. मग पुसणं. छतावर रबराचा पडदा असेल तर पेट्रोल, थिनर अजिबात नको, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरे.

मदतनीस ट्यूब उघडायला जातो.

"थांब रे, आधी कोरडं होऊ दे."

कोरडं झाल्यावर व्हेंटच्या पट्टीखाली ब्यूटाईल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी. स्क्रू सगळीकडून थोडे थोडे आवळत जायचे, टेप चारी बाजूंनी जराशी बाहेर येईपर्यंत. त्यावर, स्क्रूची डोकी झाकतील असं, आपोआप पसरणारं सीलंट. हे फक्त सपाट भागाला. उभ्या कडेला ते ओघळतं, तिथं घट्ट जातीचं लागतं.

ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण झाला की पाणी मारून बघायचं. साध्या नळीनं, खालून वर, एकेका जागी काही मिनिटं. आत टॉर्च घेऊन दुसरा माणूस. प्रेशर वॉशर नको, त्याचा झोत चांगल्या सांध्यातही पाणी घुसवतो. आत कुठं ओल दिसली, तर नळी ज्या सांध्यावर होती तो आज पुन्हा उघडायचा. वळीव कधीही येईल.