थोडं पाणी, भरलेलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. कोरडी वाळू मुठीतून गळते, ओलसर वाळूचा गोळा होतो, आणि तोच गोळा पाण्यात बुडवला की विरतो. कापलेला उतार याच जोरावर उभा असतो. कणांच्या सांध्यांतलं थोडं पाणी कणांना एकमेकांकडे ओढतं. ही ओढ म्हणजे सक्शन. थोडं पाणी धरतं, भरलेलं पाणी सोडतं.

१८ जून १९७२, हाँगकाँग. पो शान रोडलगत बांधकामासाठी डोंगर तीव्र उतारानं कापलेला. तीन दिवस पाऊस हटेना. दुपारी साऊ माऊ पिंगला भरावाचा बांध घसरला, ७१ माणसं गेली. रात्री नऊच्या सुमारास पो शानचा उतार सुटला आणि खालची बारा मजली इमारत घेऊन गेला. आणखी ६७ माणसं.

आता ऐका. त्याच शहरातले कित्येक उतार हिशेबानं पडायलाच हवे होते. सुरक्षागुणक, म्हणजे मातीची ताकद भागिले घसरवणारा जोर, एकच्या खाली, तरी वर्षानुवर्षं उभे! हिशेबात सक्शन धरलंच नव्हतं. १९७८ साली फ्रेडलंड, मॉर्गनस्टर्न आणि विजर या संशोधकांनी सक्शनला मातीच्या ताकदीच्या समीकरणात स्वतंत्र जागा दिली. सक्शन ३० किलोपास्कल (हे दाबाचं एकक) आणि त्याचा कोन, म्हणजे सक्शनमुळे ताकद किती वाढते ते सांगणारा, १५ अंश धरा. मातीची पकड ८ किलोपास्कलनं वाढते. घर्षणकोन, म्हणजे कणांच्या घासणीचं माप, ३० अंश, मातीचं वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन. एवढ्या आठावर तीन मीटरचा उभा काप तगतो, माथ्यावर ताणभेग, म्हणजे माती ताणून पडलेली चीर, असेल तर दोनच मीटर. दुसरी पकड नसेल, तर सक्शन गेलं की उभा काप राहतच नाही.

पाणी सेकंदाला मिलिमीटरचा हजारावा भाग या गतीनं मुरणाऱ्या मातीत, तिच्यातली रिकामी जागा थोडीच उरलेली असेल तर, ओल दिवसाला साधारण ६५ सेंटिमीटर खाली जाते. तीन दिवसांत जवळपास दोन मीटर! म्हणून अशा मातीला तासाभराच्या ढगफुटीपेक्षा संततधार वाईट. ढगफुटीचं बरंचसं पाणी वरून वाहून जातं.

माथ्यावरचं गटार फुटकं असेल, तर ते नसलेलंच बरं. सगळं पाणी ते एकाच जागी आत सोडतं. आणि निचऱ्याची भोकं न ठेवता उतारावर सिमेंट फवारणं मला मुळीच पटत नाही. आत कोंडलेलं पाणी बाहेर पडणार कुठून?

टेन्सिओमीटर, म्हणजे सक्शन मोजणारी पाणी भरलेली नळी, अर्धा, एक आणि दीड मीटर खोलीवर बसवा. उकळून गार केलेलं पाणी भरा, सिरॅमिकचं टोक मातीला घट्ट टेकवा. पोकळी राहिली किंवा बुडबुडा शिरला, तर काटा खोटं सांगतो. ८०-९० किलोपास्कलच्या पुढे तो मोजतच नाही, पण आपली काळजी दुसऱ्या टोकाची आहे. थोडं पाणी धरतं, भरलेलं पाणी सोडतं. पावसात काटा शून्याकडे सरकू लागला, की उताराखालची माणसं आधी हलवा, यंत्रं नंतर.