पास आहे, पण आज नाही

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमचं डिस्नेलँड, १९५५ पासून चालू असलेलं. इथल्या गर्दीत आसपासच्या लोकांचा भरणा मोठा असतो, काम आटपून संध्याकाळी यायचं, दोन राइड मारायच्या, काहीतरी खायचं आणि घरी जायचं, असे. हे सगळे वार्षिक पासवाले. आणि पार्कला हे पासवाले हवेही असतात आणि नकोही असतात, म्हणजे फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी हवे आणि नाताळच्या आठवड्यात अजिबात नको. पुढचं सगळं गणित इथूनच सुरू होतं.

जानेवारी २०२१, कोविडमुळे पार्क बंदच होतं, तेव्हा डिस्नेलँडने वार्षिक पासची जुनी योजनाच गुंडाळली. ऑगस्टमध्ये नवीन आणली, मॅजिक की. तेव्हा चार प्रकार होते: इमॅजिन ३९९ डॉलर (हा फक्त दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना), एनचँट ६४९, बिलीव्ह ९४९ आणि सगळ्यात वर ड्रीम, १३९९ डॉलर. आता वाटेल की जास्त पैसे म्हणजे जास्त राइड, तर तसं नाही, राइड सगळ्यांना त्याच. पार्किंग नि खाण्यावरची सूट थोडी कमीजास्त होते ते सोडा, खरा पैसा जातो तो तारखांवर. स्वस्त पासला बहुतेक शनिवार-रविवार बंद, मोठ्या सुट्ट्या बंद, याला म्हणतात ब्लॉकआउट.

बरं, तारीख चालू असली तरी उठलं आणि गेलं असं नाही, आधी बुकिंग लागतं. ड्रीमवाल्याला एकावेळी सहा बुकिंग ठेवता यायची, इमॅजिनवाल्याला दोनच. आणि बुक करून आलाच नाहीत, असं ९० दिवसांत तीनदा झालं की पुढचे ३० दिवस नवीन बुकिंग नाही. हा नियम मला तरी पटतो, कारण येणार नसलेले लोक तारखा अडवून ठेवतात आणि खरंच येणारा बाहेर राहतो.

पण ड्रीमचं काय झालं बघा. जाहिरात होती की या पासला एकही ब्लॉकआउट नाही, लोकांनी साहजिकच अर्थ काढला की कधीही जा. प्रत्यक्षात पासवाल्यांसाठी बुकिंगचा कोटा वेगळा होता, तो संपला की त्या दिवशी साधं तिकीट विकत मिळायचं पण ड्रीमवाल्याला बुकिंग नाही! एका पासधारक बाईंनी कोर्टात केस केली, आणि २०२३ मध्ये डिस्नेने ९५ लाख डॉलरवर तडजोड केली. ऐकायला मोठी रक्कम, पण ती वाटायची एक लाखाहून जास्त लोकांत, वकिलांची फी वगळून प्रत्येकाला ७० डॉलरच्याही खालीच. तोवर ड्रीम पास बंद झाला होता, त्याच्या जागी आलेला इन्स्पायर १५९९ डॉलरचा, आणि त्याला नाताळच्या दिवसांत ब्लॉकआउट सरळ छापलेलं.

आता स्पेशल इव्हेंट. हॅलोविनच्या सीझनला शेजारच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर पार्कमध्ये ऊगी बूगी बॅश नावाची रात्रीची पार्टी असते, तिचं तिकीट वेगळं, कुठलाही पास चालत नाही. संध्याकाळी सहाला दिवसाच्या लोकांना बाहेर काढतात, मग हे लोक जातात कुठे, तर समोरच्या डिस्नेलँडमध्ये, त्यामुळे तिथे त्या संध्याकाळी चालायला जागा नसते. पार्टी एका पार्कात आणि चेंगराचेंगरी दुसऱ्यात.

फ्लोरिडातल्या डिस्नेच्याच मॅजिक किंगडम पार्कमध्ये गंमत उलटी आहे. तिथेही पार्टीच्या दिवशी सहाला पार्क रिकामं करतात, पण म्हणूनच बरेच टुरिस्ट तो दिवस टाळतात, रात्रीची आतषबाजी बघायला मिळणार नाही ना. मग सकाळपासून दुपारपर्यंत रांगा छोट्या, आणि मुरलेले पासवाले नेमके तेच दिवस धरून जातात.

फ्लोरिडातल्याच ओरलँडोच्या युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कने तर आणखी पुढची पायरी गाठलीये. त्यांच्या हॅलोविन हॉरर नाइट्स, म्हणजे घाबरवणाऱ्या खास रात्री, १९९१ पासून होतात, वार्षिक पास असला तरी तिकीट वेगळंच. पण रोज रात्री जाणारे इतके वेडे लोक आहेत की आता त्या इव्हेंटचेच वेगळे पास निघालेत, आणि त्यांच्यातही प्रकार! एक फक्त सुरुवातीच्या आठवड्यांचा, एक मुख्यतः आठवड्यातल्या शांत रात्रींचा, त्यावरच्यात शुक्रवार मिळतो. शनिवार पण हवाय? मग सगळ्यात महागडा घ्या.