ढोल-ताशा, स्वमग्न मूल आणि कानावरचे मफ

नमस्कार मंडळी. गणपती जवळ आले की कॉमेंट्समध्ये एकच प्रश्न सुरू होतो: 'मुलाला ऑटिझम आहे, मिरवणुकीसाठी कोणते इअरमफ घेऊ?' कोणते, हे दोन मिनिटांत सांगून होतं. गाडी अडते ती 'कधी लावायचे' यावर, आणि ते कुणी विचारतच नाही.

आधी खरेदी उरकू. कारखान्यात कामगार वापरतात तसले, पूर्ण कान झाकणारे मफ घ्या, लहान मुलांच्या मापाचे. खोक्यावर 'एनआरआर' म्हणून आकडा असतो, म्हणजे मफ आवाज किती अडवतो त्याचं माप. तो २२ ते २५ असला की झालं. आता २५ लिहिलंय म्हणून आवाज २५ डेसिबलने कमी होईल असं समजू नका. मफच्या आकड्यातून पाव भाग वजा धरा, असं अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या आरोग्याच्या संस्थेने १९९८ मध्ये सांगितलं होतं. म्हणजे हातात राहतात अठरा-एकोणीस. तेही नीट बसला तर! चष्म्याची काडी, कानातलं, टोपीची कड, केसांची बट, यातलं काहीही गादीखाली आलं की फट राहते आणि आवाज तिथून आत येतो. फेटा बांधायचाच असेल तर आधी मफ, मग वरून फेटा.

आणि कृपा करून महागडे 'नॉइज कॅन्सलिंग' हेडफोन घेऊ नका. ते विमानाची, एसीची एकसुरी घरघर छान मारतात. ताशावर काडी पडते किंवा सुतळी बॉम्ब फुटतो, तो अचानक येणारा आवाज मारणं हे त्यांचं काम नाही. तिथे जो काही फरक पडेल तो गादीमुळेच, मग एवढे पैसे कशाला घालवायचे?

आता मुद्दा. मुलाने कानावर हात ठेवल्यावर मफ बाहेर काढू नका, तोवर उशीर झालेला असतो. कानावर हात गेला म्हणजे मेंदूत आवाजाची गर्दी आधीच झालीय. त्यात तुम्ही डोक्याला दोन्हीकडून दाबणारी एक वस्तू चढवता. घाम, पट्टीचा दाब, स्वतःच्याच श्वासाचा घुमणारा आवाज, अशी आणखी चार संवेदनांची भर पडते. मूल मफ भिरकावून देतं आणि आपण म्हणतो, 'हिला मफ आवडत नाहीत.'

एका ताईंची कॉमेंट आहे, 'दोन वेगवेगळे आणले, दोन्ही फेकले.' ताई, तिसरा आणू नका. आहे त्यातलाच एक काढा आणि सराव मिरवणुकीच्या तीन आठवडे आधी, शांत खोलीत सुरू करा. पहिले काही दिवस मफ नुसता हातात, मग बाहुलीच्या डोक्यावर, मग स्वतःच्या डोक्यावर अर्धा मिनिट. 'काढ' म्हटलं की लगेच काढायचा, इथे ताणायचं नाही. कारण काढता येतो याची खात्री झाली तरच मूल तो डोक्यावर ठेवतं. अर्धा मिनिट जमला की दोन मिनिटं, मग टीव्ही लावून, मग स्वयंपाकघरात मिक्सर सुरू होण्यापूर्वी. मिक्सर ही फार चांगली तालीम आहे, कारण बटण तुमच्या हातात असतं. 'आता मफ, मग मिक्सर.' हा क्रम रोज तोच ठेवा.

प्रत्यक्ष दिवशीही क्रम तोच. मफ घरात किंवा लिफ्टमध्ये लावायचा. पथक दिसल्यावर नाही, कोपऱ्यावरून आवाज आल्यावर तर नाहीच. परत येताना पूर्ण शांत जागी पोहोचल्यावर उतरवायचा. घरी मात्र दिवसभर चढवून ठेवू नका. सतत शांततेत राहिलं की साधे आवाजही जास्त बोचू लागतात.

मफ लावला तरी ढोलाचा ठोका छातीत जाणवतोच. मफ ताशाचा बारीक, कर्कश आवाज चांगला अडवतो, ढोलाचा खर्ज कमी अडवतो. त्यावर उपाय म्हणजे अंतर. मोकळ्या मैदानात एका ढोलापासून अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. पण पुण्यात लक्ष्मी रोडवर किंवा कुठल्याही अरुंद पेठेत दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात, पथकही लांबच लांब असतं. तिथे हा हिशेब चालत नाही. मागे सरकू नका, आडव्या गल्लीत वळा. गल्ली सकाळीच बघून ठेवा.

'आमच्या वेळी नव्हती असली थेरं, ऐकून ऐकून सवय होते.' ही कॉमेंट दर वर्षी येते, काका बदलतात. काका, नायॉशच्या हिशेबाने ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही मर्यादा, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. ही मर्यादा साध्या, धडधाकट कानांची आहे. तुमच्याही.

उलट बाजूने एक दादा विचारतात, 'माझा मुलगा ढोल दिसला की धावत सुटतो, मग त्याला ऑटिझम नसेल ना?' असं ठरत नाही. काही स्वमग्न मुलांना दणदणीत आवाज हवाहवासा वाटतो, काहींना ढोल चालतो आणि प्रेशर कुकरची शिट्टी सहन होत नाही. पण आवाज आवडला म्हणून कान वाचत नाही, मफ त्यालाही लावा.

एवढं करूनही मूल कोसळलं, रडणं-ओरडणं सुरू झालं, तर बोलणं बंद करा. 'काय झालं? पाणी हवं का? मोदक देऊ?' प्रत्येक प्रश्न म्हणजे आणखी एक आवाज. बघ्यांना हाताने दूर करा, आडोशाला न्या, पाण्याची बाटली शेजारी ठेवा, गप्प बसा. हा हट्ट नाही, त्यामुळे रागावून थांबत नाही आणि लाच देऊनही नाही. शांत झाल्यावर उरलेला दिवस मोकळा ठेवा, कारण मूल पार थकलेलं असतं. तुम्हीही थकता. कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

वेळेचं नियोजन करताना 'दहाला स्पीकर बंद होणार' यावर विसंबू नका. नियम रात्री १० ते सकाळी ६ चा आहे, पण सणांसाठी वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्री १२ पर्यंत सूट देता येते. आपल्याकडे ती कुठल्या दिवसांना दिलीय, हे मंडळात आधीच विचारून घ्या.

शेवटचा प्रश्न घरच्या आरतीचा. छोट्या खोलीत झांजा फार टोचतात. पाहुण्यांना सरळ सांगा, आमच्याकडे टाळ्या वाजवायच्या. झांजा हव्याच असतील तर 'आता मफ, मग आरती', आणि मुलाची जागा दाराजवळ, उठून जाता येईल अशी. तो मध्येच गेला तर 'प्रसाद घ्यायला ये रे' म्हणून मागून हाका मारू नका. प्रसाद वाटीत झाकून ठेवा, तो आला की खाईल.