गिअर ड्रिव्हन कॅम बसवायचेत? आधी क्रँकला डायल लावा!

रामराम मंडळी! हा माझ्या हातातला तुकडा नीट बघा. कॅमेऱ्याजवळ आणतो. प्लॅस्टिकचा आहे, एका बाजूनं चेननं खाऊन खाऊन पार खळगा पडलाय. याला टेन्शनरचा, म्हणजे हार्लेच्या इंजिनातली कॅमची चेन ताणून धरणाऱ्या भागाचा, शू म्हणतात. जेवढा झिजलाय तेवढं प्लॅस्टिक कुठं गेलं असेल? सरळ ऑइलमध्ये, आणि ऑइलबरोबर पंपाकडं.

हार्ले-डेव्हिडसनचं ट्विन कॅम इंजिन 1999 च्या मॉडेलांपासून आलं. त्याआधीच्या इव्होल्यूशन इंजिनात एकच कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट, होता आणि तो क्रँकवरच्या, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य शाफ्टवरच्या, गिअरनं फिरायचा. ट्विन कॅममध्ये कॅम झाले दोन, आणि फिरवायला आल्या दोन चेन. एक क्रँककडून मागच्या कॅमकडं, दुसरी मागच्या कॅमकडून पुढच्या कॅमकडं. दोन्ही चेनवर स्प्रिंगनं दाबलेला असा एकेक शू. स्प्रिंग रात्रंदिवस दाबतेय, चेन घासतेय, शू झिजतोय. किती किलोमीटरला संपेल याचा नेम नाही. संपला तर चेन शूच्या मागच्या लोखंडाला लागते, आणि मग पंपाचं काय होत असेल ते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या पोराला वेगळं सांगायला नको.

टूरिंग मॉडेलांत हे स्प्रिंगचे टेन्शनर 2006 पर्यंत होते. 2007 ला 96 क्यूबिक इंचाचं, म्हणजे 1584 सीसीचं इंजिन आलं, त्यात ऑइलच्या दाबावर चालणारे टेन्शनर आणि रोलर चेन दिली. तो त्रास बराच कमी झाला. हार्लेनं भारतात विक्री सुरू केली 2010 मध्ये, त्यामुळं आपल्याकडच्या बहुतेक ट्विन कॅम गाड्या या सुधारित चेनच्याच आहेत. हे आधी ध्यानात ठेवा. अमेरिकेतल्या 2001 च्या गाडीची भीती कोल्हापुरातल्या 2012 च्या गाडीला लावू नका.

आता गिअर. चेन काढायची, शू काढायचे, टेन्शनर काढायचे, आणि त्या जागी चार गिअर. एक क्रँकच्या कॅमकडच्या टोकावर, म्हणजे पिनियन शाफ्टवर, एक मागच्या कॅमच्या बाहेरच्या टोकाला, आणि आतल्या बाजूला दोन्ही कॅमवर एकमेकांत अडकलेले दोन. झिजायला प्लॅस्टिक नाही, ताणायला चेन नाही. व्हॉल्व्हचं टायमिंग जिथं लावलं तिथंच राहतं. एस अँड एस सायकल ही विस्कॉन्सिनमधली 1958 सालची कंपनी, तिचा यासाठीचा सेट जगभर नावाजलेला आहे.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. आजोबांच्या बुलेटचं उजवीकडचं टायमिंग कव्हर उघडा, आत गिअरला गिअर लागलेली ओळ दिसेल. त्या जुन्या बुलेटला कॅमची चेन कधी नव्हतीच. रॉयल एनफिल्डच्या 350 ला ती आली 2020 च्या मीटिऑरपासून. होंडाच्या 1986 च्या व्हीएफआर 750 लाही गिअरवरचे कॅम होते, आणि त्या गाडीच्या शिट्टीसारख्या आवाजावर लोक आजही जीव टाकतात. मी पण टाकतो.

पण एक गोष्ट समजून घ्या, कारण इथं पैसे बुडतात. जुने कॅम ठेवून त्यांच्यावर नुसते गिअर चढवता येत नाहीत. का? सायकलची चेन बघा, पुढचं चक्र आणि मागचं चक्र एकाच दिशेला फिरतात. आता रसवंतीच्या चरकाचे एकमेकांना लागलेले दोन गिअर बघा, एक सुलटा तर दुसरा उलटा. क्रँकनं मागचा कॅम गिअरनं फिरवला की तो उलटा फिरायला लागला. त्यानं पुढचा फिरवला, तो परत सुलटा झाला. म्हणजे मागच्या कॅमचे लोब, व्हॉल्व्ह उचलणारे उंचवटे, उलट्या फेऱ्यासाठी घासलेले पाहिजेत. म्हणून गिअरचे कॅम वेगळेच येतात. "आपल्याकडं गिअर कापून मिळतील की" असं मला चार जणांनी विचारलंय. मिळतील, कोल्हापुरात काय कापून मिळत नाही? पण लोबचा आकार, त्याचं हार्डनिंग, ग्राइंडिंग आणि गिअरच्या दातांशी त्याचा कोन, हे सगळं एकत्र जुळायला लागतं. एका गाडीसाठी त्या नादाला लागू नका.

आता आजच्या व्हिडिओचा खरा मुद्दा. हार्लेची क्रँक एकसंध नाही. दोन फ्लायव्हील म्हणजे जड चकत्या, आणि मधली पिन दाबून बसवलेली. त्यामुळं पिनियन शाफ्टचं टोक फिरताना थोडं वाकडं फिरू शकतं. याला आपण रनआउट म्हणतो. चेनला ते चालतं, टेन्शनर सांभाळून घेतो. गिअरला सांभाळून घेणारं कुणी नाही. शाफ्ट एका बाजूला सरकला की दात घट्ट, दुसऱ्या बाजूला सरकला की ढिले, प्रत्येक फेऱ्याला. घट्ट झाले की रडल्यासारखा आवाज, ढिले झाले की खडखड. म्हणून गिअर बसवायची मर्यादा आहे 3 थाउ, म्हणजे इंचाचे तीन हजारांश, 0.076 मिलिमीटर. आपल्या डायलवर, म्हणजे काट्यानं बारीक फरक दाखवणाऱ्या गेजवर, एक घर शंभरांश मिलिमीटरचं, म्हणजे साडेसात घरं. त्याच्या वर गिअर नाही.

मागच्या महिन्यात कागलचे एक काका त्यांची 2010 ची रोड किंग घेऊन आले. ऊस गेला, बिल जमा झालं, गिअरचा सेट मागवायचाच म्हणून ठरवून आलेले. मी म्हटलं, "काका, ऑर्डर देऊ नका, आधी उघडून बघू." प्लग काढले, मागचं चाक उचललं, वरच्या गिअरमध्ये टाकली. कॅम कव्हर, कॅम प्लेट, कॅम सगळं बाहेर. इथं नवीन पोरं फसतात: डायलचं मॅग्नेटिक स्टँड केसला चिकटतच नाही, कारण केस ॲल्युमिनियमची. कव्हरच्याच बोल्टनं एक लोखंडी पट्टी केसला आवळायची आणि स्टँड तिच्यावर. आणि पिनियन शाफ्टच्या टोकाला चपटा भाग असतो, तिथं टोक टेकवलं तर काटा उगाच उड्या मारतो. गोल भागावर टेकवायचं, चाक हातानं हळू फिरवायचं, घाई नाही.

साडेअकरा घरं आली. तीनदा फिरवून बघितलं, तिन्ही वेळा तेवढीच.

काकांचा चेहरा उतरला, मला पण वाईट वाटलं. रस्ता होता: इंजिन खाली उतरवायचं, केस फोडायची, क्रँक प्रेसवर सरळ करून पिन वेल्ड करायची. बुलेटची क्रँक दोन सेंटरमध्ये धरून सरळ करणारे हात आपल्याकडं आहेत, पण हार्लेची पिन फारच घट्ट बसलेली असते, त्याला वेगळी प्रेस आणि वेगळा सराव लागतो. चांगल्या चाललेल्या इंजिनासाठी तो खर्च मी काकांना सांगितला नाही, सांगणारही नव्हतो.

समजा तुमची साडेसातच्या आत आली, तर खुशाल बसवा. पण सेटमधले गिअर तसेच लावून मोकळं होऊ नका. बॅकलॅश, म्हणजे दातांमधला प्ले, क्रँकच्या वेगवेगळ्या स्थितीत बघा. त्यासाठी किंचित लहान आणि किंचित मोठे गिअरही मिळतात. थंड इंजिनात थोडा प्ले असलाच पाहिजे. गरम झाल्यावर ॲल्युमिनियमची केस गिअरपेक्षा जास्त फुगते, प्ले आणखी वाढतो, म्हणून थंडपणी फार ढिलंही नको. आतली कॅमची बेअरिंग त्याच वेळी नवी घाला, पुशरॉड, म्हणजे कॅमकडून वर व्हॉल्व्हकडं जाणारे दांडे, ॲडजस्ट होणारे घेतले तर वरचे रॉकर बॉक्स उघडावे लागत नाहीत.

आणि ताकद गिअरनं वाढत नाही, कॅमच्या आकारानं वाढते. मागं बायको, दोन्ही बाजूला सामान आणि समोर आंबा घाट असेल तर खालच्या आरपीएमला ओढणारा साधा कॅम निवडा. इनलेट उशिरा बंद करणारा मोठा कॅम वरच्या आरपीएमला पळतो, घाटात दुसऱ्या गिअरला मात्र दम टाकतो. कॅम बदलला की इंजेक्शनचं मॅपिंग, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं त्याचा हिशोब, परत करायचं, ते टाळू नका.

काकांच्या गाडीत आम्ही चेनच ठेवली. टेन्शनरचे शू नवे, आतली बेअरिंग नवी, चेनवर चालणारा मऊ टूरिंग कॅम. परवा ते गगनबावड्याला जाऊन आले आणि फोनवर पहिलं वाक्य बोलले, "अरे, करूळ घाटात गिअर बदलायलाच लागला नाही."

तुम्ही कव्हर उघडलंत तर किती घरं आली ते मला खाली लिहा. गाडीचं वर्ष पण लिहा.