बांधावरची हरळी

(दृश्य: सोलापूरजवळचं काळं रान. मे महिन्यातली सकाळ.)

आत्या कुदळीनं हरळी खणतेय. वीतभर खालून तिनं मुळी ओढून काढली. पांढरीफटक, सुतळीएवढी जाड, पेरापेराला डोळा. ही मुळी ती बांधावर टाकू देत नाही. "पाऊस पडला की परत फुटंल बाळा. तिकडं खडकावर टाक, वाळू दे उन्हात."

गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. रानात मात्र नकोशी. उन्हाळ्यात पात वाळून जाते, पण मातीखाली मुळी जीव धरून असते. ज्वारी आणि उसासारखीच ही कडक उन्हात जोमानं अन्न तयार करणारी. जगातल्या कितीतरी मैदानांवर हिचीच लेकरं आहेत.

(दृश्य: तळहातावर मुळीची एक कांडी.)

अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन १९३६ पासून गवतांवर काम करत होते. त्यांनी या हरळीचा आफ्रिकेतल्या बारीक पातीच्या हरळीशी संकर केला. नेहमीच्या हरळीत गुणसूत्रं ३६, आफ्रिकेतलीत १८, आणि संकरात २७. म्हणजे नऊ-नऊचे तीन संच. बी धरायला संचांचे दोन सारखे वाटे पडावे लागतात. तिनाचे तसे पडत नाहीत, म्हणून या गवताला बी धरत नाही. उसासारखं बेणं लावूनच ते वाढवायचं. १९६० साली आलेलं 'टिफवे' हे वाण असंच कांड्यांवर जगभर पसरलं.

याच बर्टन यांनी बाजरीची 'टिफ्ट २३ ए' ही नरवंध्य, म्हणजे कामाचे परागकण न धरणारी जात दिली. तिच्यावरून शास्त्रज्ञ डी. एस. अठवाल यांनी लुधियानात भारतातलं पहिलं संकरित बाजरीचं वाण काढलं, 'एचबी-१', १९६५ साली. हिरवळीवर राबणाऱ्या माणसाचं आपल्या भाकरीवरही ऋण आहे, हे मला फार मोठं वाटतं.

(दृश्य: शहरातला नळ, शेजारी ओळीनं भरलेल्या घागरी.)

इथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं. अशा गावात पाणी पिणारं लॉन लावणं बरोबर नाही. टिफ्टनमध्येच पुढं वाफ्यांवर छप्पर ओढून, पावसाचं पाणी तोडून निवड झाली. तहानेतही जास्त दिवस हिरवं राहिलं ते 'टिफटफ'.

हीच कसोटी आपल्या बांधांवर लावायला हवी. मुरमावरची, खळ्याच्या कडेची, पायवाटेवर तुडवलेली हरळी गोळा करायची. शेजारी शेजारी लावायची, सारखी कातरायची, पाणी तोडायचं आणि बघत राहायचं. याला वर्षं लागतील. लागू देत.

(दृश्य: पुन्हा रान. ऊन चढलंय.)

मी ओल्या फडक्यात एक कांडी गुंडाळली. आत्यानं ती हातात घेतली, डोळे मोजले आणि परत दिली.

"ने. पण कुंडीत लाव हं. रानात नगं."