काटा आणि टेप

(दृश्य: हर्णै बंदर. मासळीचा लिलाव, टोपल्या, बायकांची लगबग.)

टोपलीवर एक नजर टाकून इथल्या बायका मासळीचा अंदाज बांधतात. स्वतःच्या तब्येतीचा अंदाज मात्र वजनकाट्यावर सोडतात. काटा किलो सांगतो, चरबी कुठे साठलीय ते सांगत नाही. रक्तातली साखर ताब्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनच्या दृष्टीने तर तेच जास्त महत्त्वाचं.

(दृश्य: शेणाने सारवलेलं अंगण. गावच्या आरोग्य स्वयंसेविका आशाताईंच्या हातात टेप.)

"काकी, श्वास सोडा. पोट आत ओढू नका हां."

ओढतातच बहुतेक जणी. टेप ठेवायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. परकराची नाडी बांधतो तिथे नाही. पोट सुटलं की नाडी खाली सरकते, आणि परकराच्या मापावरून सांगितलेली कंबर खरी कंबर राहत नाही. तिशीपुढच्यांसाठी आशाताईंकडे जो सरकारी फॉर्म असतो, त्यात बायकांच्या कंबरेला 80 सेंटीमीटरपर्यंत शून्य गुण, 81 ते 90 ला एक, त्यापुढे दोन. जितके गुण जास्त, तितका धोका जास्त.

आता समजा, दोघी जावा. उंची, वजन सारखंच, दोघीही लठ्ठ. थोरलीची चरबी नितंब-मांड्यांवर, धाकटीची पोटात. मांड्यांवरची चरबी बरीचशी जागच्या जागी राहते. पोटात खोलवर, आतड्यांभोवती साठलेली चरबी तशी नाही. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्लं रक्तावाटे थेट यकृतात पोचतात. यकृतातच चरबी साठू लागली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि गरज नसतानाही साखर रक्तात सोडत राहतं. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. इन्सुलिनचं असं न ऐकणं, यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात.

फसगत होते ती इथे. उपाशीपोटीची साखर दोघींची 95. रिपोर्ट नॉर्मल, घरी सगळे खूश! पण थोरलीचं इन्सुलिन 6, धाकटीचं 18. साखर गुणिले इन्सुलिन, भागिले 405, असं एक गणित डॉक्टर मांडतात. थोरलीचं उत्तर येतं 1.4, धाकटीचं 4.2. आकडा जितका मोठा, तितका रेझिस्टन्स जास्त. साखर तीच ठेवायला धाकटीचं स्वादुपिंड तिप्पट राबतंय, आणि हे वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही.

शरीराची ठेवण आणि मधुमेह यांचं नातं फ्रान्सच्या मार्सेयमधल्या जाँ वाग या डॉक्टरांनी 1947 मध्येच मांडलं होतं. तरी आपण अजून काट्यालाच चिकटून आहोत.

(दृश्य: मानेवरची काळपट, जाडसर घडी, जवळून.)

ही मळकट दिसणारी मान घासून जात नाही. ती बऱ्याचदा इन्सुलिन वाढल्याची खूण असते. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त असणं, ही दुसरी. पाळी थांबल्यावर चरबी मांड्यांवरून पोटाकडे वळते, म्हणून जुनं माप तेव्हा कामाचं नाही.

टेप निदान करत नाही. रक्ताच्या तपासणीला कुणी आधी जायचं, ते सांगते. रोजचं चालणं, ताटातला भात थोडा कमी, डाळ-मासळी-भाजी जास्त, एवढं सुरू झालं की काटा कधी कधी महिनोन्‌महिने हलत नाही. कंबर मात्र दोन बोटं आत गेलेली असते.

"काकी, वजन तेवढंच आहे. टेप बघा."