हा क्रूस माझा का?

(दृश्य : पहाट. केळीची वाडी. बावखळाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यावर धुकं. लांबून चर्चची घंटा.)

निवेदन :
वसईत नाताळ आधी वाडीत येतो. केळीच्या पानावरून दव टपटपत असतं, कुणी ओट्यावर सुकेळी उन्हात मांडण्याच्या तयारीत असतं, आणि घराघरातून एकच विचारणा होत असते : गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, कुठवर आला?

(दृश्य : पडवी. लाल लुगड्यातली आजी. समोर गोणपाट, पेंढा, पसरट ताटली.)

निवेदन :
या आजींचा गोठा आम्ही पहिल्या दिवसापासून चित्रित केला. आधी नाचणी. रात्रभर भिजवलेली, पसरट ताटलीत बारीक मातीवर दाट पेरलेली. मोड येईपर्यंत ओल्या फडक्याखाली, मग खिडकीत. पाणी हाताने शिंपडायचं, ओतायचं नाही. नाही तर दाणे एका बाजूला वाहून जातात आणि बेथलेहेमात टक्कल पडतं, असं आजी म्हणतात. दहा-बारा दिवसांत बोटभर हिरवळ. मग डोंगर : गोणपाट खळीत बुडवून विटांवर टाकायचं, वाळलं की त्याचा कडा तयार. मग छप्पर, पेंढ्याचं.

सगळ्यात शेवटी कपाटातून पुठ्ठ्याचा खोका निघतो. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मूर्ती. एका मेंढीला तीनच पाय, ती दरवर्षी पेंढ्याला टेकून उभी राहते. योसेफाचा हात मनगटात तुटलाय.

(दृश्य : जवळून. फेव्हिकॉलचा थेंब. आजीचा अंगठा योसेफाच्या मनगटावर दाबून धरलेला. बराच वेळ.)

निवेदन :
शुभवर्तमानात योसेफाच्या तोंडी एक शब्दही नाही. वाग्दत्त वधू गरोदर आहे हे कळल्यावर गाजावाजा न करता बाजूला व्हायचं त्याने ठरवलं होतं. स्वप्नात देवदूत बोलला. उठल्यावर त्याने सांगितलं तसं केलं. एवढंच लिहिलंय.

आणि मरिया. नाझरेथची साधी मुलगी. तिनेही संसाराची काही चित्रं मनाशी रंगवली असतीलच. ‘पाहा, मी प्रभूची दासी, आपल्या वचनाप्रमाणे मला होवो,’ असं येशूच्या जन्माची वार्ता आणणाऱ्या देवदूताला ती म्हणाली, तेव्हा पुढे गव्हाण आहे, इजिप्तचा पळ आहे, लेकाला क्रुसावर देतील ती कालवारीची टेकडी आहे, यातलं काहीही तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपण गोठा सजवतो तो या होकाराचा. हे आम्हाला या चित्रफितीतून पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण दिव्यांच्या माळांत तेच आधी हरवतं.

(दृश्य : चर्च. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, मेणबत्त्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी. विनंत्यांची पेटी. चिठ्ठ्या टाकणारे हात.)

निवेदन :
मेंदी लागलेला हात. इंजिनाच्या काळ्या तेलाच्या रेषा असलेला हात. शाळकरी हात, शाईचा. चिठ्ठ्यांवर काय लिहिलंय ते आम्ही पाहिलं नाही, पाहायचं नव्हतंच. पण ओळीत उभं राहिलं की कानावर येतं. व्हिसा लागू दे. सून घरी परत येऊ दे. बाबांची दारू सुटू दे. बोटीवरचा मुलगा यंदा तरी नाताळला घरी असू दे.

या इच्छा देवाला नकोशा असतात, असं आम्ही मानत नाही. माणूस मागणारच, आणि बापाकडे नाही तर कुणाकडे मागणार? पण पेटीपासून चार पावलांवर लोक गुडघे टेकून म्हणतात, ‘तुझी इच्छा जशी स्वर्गात तशी पृथ्वीवरही पूर्ण होवो.’ त्या चार पावलांचं अंतर चालून गेलेला एक माणूस याच मातीतला होता.

(दृश्य : वसईचा किल्ला. तटबंदी, वडाच्या पारंब्या. येशूसंघीयांच्या (जेझुइट धर्मसंघाच्या) चर्चचा उंच दर्शनी भाग.)

निवेदन :
गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, १५५७च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. हे जे दगडी खांब दिसतायत, ते येशूसंघीयांचं चर्च. त्यांच्याच शाळेत तो शिकला. पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. भाषा अशी उचलली की जपानी माणसांत जपानी होऊन बोलायचा. आठ वर्षं धर्मशिक्षक म्हणून राबला. मनात एकच : येशूसंघात घ्या.

घेतलं नाही.

आठ वर्षं ज्या दारात काढली ते दार उघडत नाही, तेव्हा माणूस काय करतो? गोन्सालो व्यापारात पडला. मकाव, जपान, पूर्वेची बंदरं. पैसा मिळाला, नाव झालं, व्यापार पसरला. पाचारण, देवाच्या कामाला बोलावणारी हाक, मात्र आत तसंच कुरतडत राहिलं. शेवटी मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या धर्मसंघात शिरला. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा बंधू म्हणून.

(दृश्य : कॅमेरा चालत निघतो. पायवाट, गवत, दगडी कमान. संत अंतोनीच्या चर्चचे अवशेष, जमिनीत कोरीव थडगी.)

निवेदन :
आता आम्ही मुद्दाम न थांबता चालतोय. येशूसंघीयांच्या चर्चपासून हे दुसरं चर्च काही मिनिटांवर, त्याच तटबंदीच्या आत. संत अंतोनीचं, फ्रान्सिस्कनांचं. गोन्सालोच्या लहानपणीही ते इथेच होतं. जे हवं होतं ते त्या टोकाला आणि जे देवाने त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं ते या टोकाला, दोन्ही त्याच्या गावातच. मधल्या या वाटेला त्याला जपान, मकाव आणि मनिला लागलं.

१५९३ साली तो फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर पुन्हा जपानला आला. या वेळी दुभाषी म्हणून. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात मनिलाहून आलेल्या वकिलातीचं बोलणं त्याच्या जिभेवरून जायचं. एका संघाने न घेतलेल्या या माणसाचं जपानी दुसऱ्याच्या कामी आलं. क्योतोत फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं उभारली.

मग १५९६च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानमधल्या तोसाच्या किनाऱ्याला लागलं, मालावरून वाद पेटला, हिदेयोशीचा संशय भडकला. डिसेंबरात फ्रान्सिस्कनांच्या घरांवर पहारे बसले. त्या वर्षीचा नाताळ त्यांनी पहाऱ्यात काढला. जानेवारीत डाव्या कानांवर सुरी फिरली, थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकलं. १८६२ साली संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला संत.

(दृश्य : पडवी, संध्याकाळ. चुलीवर तेल. करंज्या तळल्या जातायत. भिंतीवर सिस्टरच्या वेषातल्या तरुणीचा फोटो.)

निवेदन :
आजींची धाकटी लेक सिस्टर आहे. इथून दीड दिवसाच्या आगगाडीच्या प्रवासावर, कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात. ती बारावीला असताना घरात म्हणाली, मला जायचंय. आजींना ते नको होतं. त्यांनी स्थळं पाहून ठेवली होती, दोन तोळ्यांची माळ करून ठेवली होती. सहा महिने त्या लेकीशी धड बोलल्या नाहीत. रोज संध्याकाळी रोझरी म्हणायच्या आणि मरियेला सांगायच्या, तिचं मन फिरव.

आम्ही विचारलं, मग?

झाऱ्यातलं तेल निथळेपर्यंत त्या थांबल्या. म्हणाल्या, ‘मन फिरलं. माझंच.’ मग म्हणाल्या, ‘दिली ती दिली. पण नाताळला आठवण येतेच ना बाळा.’

(दृश्य : स्टीलचा डबा. तळाला केळीचं पान, करंज्यांचे थर. झाकणावर चिकटपट्टी. पत्ता लिहिणारा नातू.)

निवेदन :
डबा पंधरा तारखेच्या आत निघायला हवा. उशीर झाला की करंज्या मऊ पडतात.

(दृश्य : चोवीस डिसेंबर, रात्र. भरलेलं चर्च. गोन्सालोची मूर्ती, तिच्या पायाशी पणत्या.)

निवेदन :
त्या टेकडीवरची एक आठवण जुन्या हकिगतींत जपलेली आहे. सव्वीसांत गोन्सालो सर्वांत आधी पोचला. समोर क्रूस मांडलेले. एकाजवळ जाऊन त्याने विचारलं, ‘हा माझा का?’ उत्तर आलं, ‘नाही.’ त्याला दुसऱ्या क्रुसाकडे नेलं. तिथे तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने तो कवटाळला.

(दृश्य : मध्यरात्र. घंटा. आजींच्या घरी रुमालात गुंडाळलेली बाळाची मूर्ती उलगडली जाते. रिकामी गव्हाण. नाचणीच्या हिरवळीवर मेणबत्तीचा उजेड. निवेदन नाही. घंटा संपेपर्यंत.)

(दृश्य : मोबाईल वाजतो. पडद्यावर सिस्टर, मागे दवाखान्यातल्या खाटा, कुणीतरी खोकतंय, कुणीतरी गातंय. आजी फोन दोन्ही हातांनी धरतात.)

आजी : करंज्या पोचल्या का गं?

(दृश्य काळं होतं. आवाज चालू.)

सिस्टर : पोचल्या. संपल्यासुद्धा. इथे सगळ्यांनी एकेक खाल्ली.